नव्या गावची स्थानपोथी

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठात इकडची बदली महागावास झाली, तेव्हा पुण्यातील निम्म्या आप्तेष्टांनी, "गडहिंग्लजजवळचे ना? हवा फार चांगली हो तिकडची!" असे म्हणून आमचे अभिनंदन केले. ते महागाव नव्हे, यवतमाळ जिल्ह्यातले, असा खुलासा करताच त्याच मुखांतून, "अगबाई!" एवढाच उद्गार निघाला. त्यात उन्हाळ्याची भीती होती, अंतराची होती, आणि वर्‍हाडाविषयी पुण्यास जे वर्षानुवर्षे अज्ञान आहे त्याचाही अंश होता. माझेही ज्ञान त्याहून फार अधिक होते असे नाही.

एरवी अशा बदलीच्या गावी नोकरदार मनुष्य एकटा जातो आणि घर मागे राहते. परंतु आमचा सदाशिव पेठेतील वाडा त्याच सुमारास पाडावयाचा ठरला होता. नवी इमारत उभी राहीपर्यंत दोघा वृद्धांनी कोठेतरी भाड्याच्या दोन खोल्यांत राहण्यापेक्षा सर्वांनीच महागावास यावे, असे घरात ठरले. सासूबाईंनी या गोष्टीस मान्यता दिली ती एकाच कारणाने. आमची कुलदेवता माहूरची रेणुका. महागावाहून धनोड्यावरून पैनगंगा ओलांडली की माहूरचा रस्ता लागतो, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मामंजींनी मान्यताही दिली नाही आणि विरोधही केला नाही. पुस्तकांच्या दोन पेट्या तेवढ्या स्वतः बांधल्या.

मामंजी मराठीचे निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षे त्यांनी पुणे पायी तुडविले. पहाटे ओंकारेश्वर, सायंकाळी पर्वतीचा पायथा, आणि मधल्या वेळी कोणाच्या ना कोणाच्या घरी 'सहज' डोकावणे, हा त्यांचा नित्यक्रम. असा मनुष्य महागावास आल्यावर पंधरा दिवस ओट्याखाली उतरला नाही. पहाटे उठावे, सदरा अंगात घालावा, काठी घ्यावी, ओट्यावर यावे, पावसाने झालेला काळ्या मातीचा चिखल पाहावा आणि काठी पुन्हा कोपऱ्यात ठेवावी. सासूबाई म्हणाल्या, "जरा फिरून तरी यावे." त्यावर ते म्हणाले, "कोठे जाऊ? जाण्यासारखे कोणाचे घर नाही." हे वाक्य त्यांनी तक्रारीच्या सुरात उच्चारले असते तर मला एवढे लागले नसते.

सोळाव्या दिवशी पुस्तकांची पेटी उघडली गेली आणि तीतून डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली 'स्थानपोथी' निघाली. वाचकांपैकी ज्यांनी हा ग्रंथ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. महानुभाव पंथाचे श्रीचक्रधर तेराव्या शतकात वर्‍हाडात आणि गोदाकाठी पायी हिंडले. ज्या ज्या गावी ते राहिले, बसले, निजले, त्या त्या स्थळांची नोंद पुढे चौदाव्या शतकात त्यांच्या अनुयायांनी केली. तीच ही पोथी. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूस काय आहे, नदी कोणीकडे, वाट कोणीकडे, अशा अगदी कोरड्या वाटणाऱ्या नोंदींनी ती भरलेली आहे. तीत रसाळपणा शोधणाऱ्याची निराशा होते. परंतु ज्यांचा गुरू त्या ओट्यावर एकदा बसून गेला, त्यांना तो ओटा पूर्वाभिमुख होता की उत्तराभिमुख, हे विसरणे परवडणारे नव्हते.

मामंजींनी मला शंभर पानी वही आणावयास सांगितली. "आपण या आळीची स्थानपोथी करू. तू लिही, मी दिशा सांगतो." आम्ही काही महानुभाव नव्हे, तथापि शिक्षकाच्या घरात वही पवित्रच. त्या दिवसापासून सायंकाळी पाच वाजता मामंजी, मी आणि माझा सात वर्षांचा मुलगा असे आमचे त्रिकूट निघू लागले.

पहिली नोंद अशी आहे: 'घराच्या ईशान्येस पिठाची गिरणी. दार दक्षिणेस. वीज गेल्यास बंद.' तिच्याखाली मुलाने कंस करून 'येथे चक्की म्हणतात' असे लिहिले आहे. हा कंस पुढे वहीभर पसरला. कारण आमच्या पहिल्या महिन्याचा अर्धा वेळ गाव ओळखण्यापेक्षा शब्द ओळखण्यातच गेला. भाजीवालीकडे मी कोथिंबीर मागितली. ती समोर जुड्या मांडून बसलेली, आणि मजकडे पाहत राहिली. मी बोट दाखविले, तेव्हा हसून म्हणाली, "सांबार म्हना ना, बाई!" घरी येऊन मी सासूबाईंना सांगितले की येथे सांबार दहा रुपये जुडी आहे. त्यांनी डाळ भिजत घालण्याची तयारी केली, हा प्रसंग आता आमच्या घरी पाहुण्यांना सांगण्यासाठी राखून ठेवला आहे. बैलगाडी ती बंडी, शेत ते वावर, कपाशीचे झाड ती पऱ्हाटी, भुईमुगाची शेंग ती फल्ली. मामंजी प्रत्येक शब्दाशी थबकत. यांतले काही जुन्या मराठीत आपण शिकविले आहेत आणि पुण्याने ते टाकून दिले, असे त्यांचे मत. सगळ्यांच बाबतीत ते खरे असेल असे मला वाटत नाही, पण त्या मताने त्यांची पावले जलद पडू लागली, म्हणून मी वाद घातला नाही.

दुसरी अडचण निराळीच होती. या गावात कामाशिवाय कोणी चालत नाही. पहाटे वावरात जाणारी माणसे मैल-दीड मैल चालतात, डोक्यावर ओझे घेऊन बाया चालतात. परंतु वृद्ध गृहस्थाने काठी टेकीत, हातात काही न घेता, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जावे आणि तेथून परत यावे, हे येथे कोणाच्या कल्पनेत बसत नाही. पहिल्या आठवड्यात आम्हांस किमान दहा मोटारसायकली आडव्या आल्या. "बसा आजोबा, सोडून देतो. कोठी जाऊन राहिले?" मामंजी विनयपूर्वक नकार देत. तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर एका तरुणाचा चेहरा पडला, तेव्हा आमच्या लक्षात आले की हा नकार म्हणजे पुण्यातील नकार नव्हे. येथे तो तुटकपणा ठरतो. पुढे मामंजींनी तोड काढली. कोणी थांबला की ते आपणच थांबत आणि विचारीत, "तुमचे घर कोणत्या दिशेला? मला वहीत लिहायचे आहे." मग मोटारसायकल बंद होई. तो तरुण आपले घर, काकाचे घर, घरामागचे लिंबाचे झाड, झाडाखाली पूर्वी असलेली विहीर, हे सर्व सांगून मगच जाई.

"कोनाच्या घरचे व्हय?" हा प्रश्न मात्र आम्हांस बराच काळ निरुत्तर करीत असे. घरमालकाचे नाव सांगावे तर आम्ही त्यांचे कोणी नव्हतो. इकडच्या कचेरीचे नाव सांगावे तर ते उत्तर सरकारी होई.

वहीची मधली पाने महामार्गाची आहेत. राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा तुळजापुराहून निघून लातूर, नांदेड, उमरखेड करीत येथे येतो आणि आर्णी, यवतमाळ, वर्धा यांवरून नागपूरजवळ बुटीबोरीस पोहोचतो. ज्या गावातून असा रस्ता जातो त्याचे दोन भाग होतात. एक भाग रस्त्याकडे तोंड करून बसतो: उपाहारगृहे, टायर दुरुस्त करणारे, खतांची दुकाने. दुसरा पाठ करून आपल्या जुन्या आळ्यांतून राहतो. रस्त्याकडे तोंड केलेल्या भागाच्या नोंदी करण्यात मला काही विशेष रस वाटला नाही. ती दुकाने नांदेडास असोत की वर्ध्यास, सारखीच. मामंजी मात्र रस्त्याच्या कडेला उभे राहून मुलास इतिहास शिकवीत. पैनगंगेपलीकडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता. अलीकडचे वर्‍हाड निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या हवाली केले. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात मोडत असे, नंतर यवतमाळात आला. नदी एकच, दोन्ही काठांवर मराठी. तरी माहूरच्या देवीस जाणाऱ्या वर्‍हाडी यात्रेकरूला परराज्यात जावे लागे. "मग देवी कोणाच्या राज्यात?" असे मुलाने विचारले. याचे उत्तर मामंजींना दुसऱ्या दिवशीपर्यंत सुचले नाही.

याच रस्त्याच्या कडेस, बाजाराच्या दिवशी, आम्हांस बंजारा बाया भेटत. पोटापाण्यासाठी, लग्नकार्यासाठी, तांड्यावरून गावात येणाऱ्या या वृद्धांपैकी काहींच्या अंगावर अद्याप आरसे लावलेला घागरा आणि चांदीचे जड दागिने असतात. तरुणी बहुधा साडीत. त्यांच्यात आपसांत चालणारी गोरमाटी बोली मामंजींना एक अक्षर समजत नसे, आणि न समजणारे मराठीच्या प्रदेशात इतक्या जवळ आहे, याचे त्यांना नवल वाटे. पुस्तकात त्यांनी वाचलेले लमाण बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून सर्व हिंदुस्थान चालत ओलांडीत. रेल्वे आणि पक्क्या सडका झाल्यावर तो धंदा बुडाला आणि तांडे जेथे होते तेथे स्थिरावले. पुसदजवळच्या अशाच एका तांड्यावर, गहुलीस, वसंतराव नाईक जन्मले आणि १९६३ ते १९७५ अशी अकरांहून अधिक वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. एका आजीबाईंनी मामंजींची काठी हातात घेऊन पाहिली, तिचे वजन अजमावले आणि, "लई हलकी हाये, आजोबा," असा शेरा दिला. चालण्याविषयी अधिकाराने बोलणारी महागावातील ती पहिली व्यक्ती, असे मामंजी घरी येऊन म्हणाले.

श्रावण संपला, पोळा आला. बैलांची मिरवणूक, मारुतीपुढचे तोरण, आणि तोरण तुटण्यापूर्वी मोठ्याने म्हटल्या जाणाऱ्या झडत्या आम्ही दुरून पाहिल्या. खरी मौज दुसऱ्या दिवशीची. त्या दिवशी विदर्भात लेकरांचा तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून दोरीने ओढीत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. कोणी पैसे देते, कोणी खाऊ. शेजारच्या घरातील काकांनी आमच्या मुलासाठी चाके लावलेला एक जुना लाकडी बैल माळ्यावरून काढून दिला. बैलाबरोबर कोणी मोठे हवे म्हणून मामंजी गेले. बैल एकवीस घरी गेला; एकवीस ओट्यांवर मामंजी बसले; सात ठिकाणी चहा झाला. त्या रात्री वहीत एकवीस नोंदी एकदम चढल्या, आणि त्यांत दिशांपेक्षा माणसे अधिक होती. कोणाचा मुलगा पुण्यास चाकणला कामाला, कोणाची सून माहूरची, कोणाच्या घरी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडून मागचे वर्ष कोरडे गेले. त्यानंतर "कोनाच्या घरचे?" हा प्रश्न कोणी विचारला नाही. आम्ही 'लाकडी बैलवाल्या आजोबाच्या घरचे' झालो होतो.

शेजारच्या त्या घराविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. काका-काकू, दोन मुलगे, एक सून, गावाबाहेर वावर. आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरांमध्ये कमरेएवढी भिंत. तिच्यावरून ताक, अंबाडीची भाजी, पुरणपोळ्या, मेतकूट यांची देवघेव चाले. भांडे रिकामे परत करावयाचे नाही, हा नियम पुण्यास आणि महागावास सारखाच; त्यामुळे कोणत्या घरचे भांडे कोठे आहे याचा हिशेब कधीच मिटत नसे. सासूबाईंनी सुरुवातीस जे काही बंधन मनात धरले होते ते केव्हा सुटले, हे त्यांनाही सांगता यावयाचे नाही.

मार्चच्या १९ तारखेस सासूबाईंनी सकाळी साटोऱ्या केल्या आणि भिंतीवरून डबा पुढे केला. काकूंनी हात जोडले. "आज राहू द्या, आजी. आज आमच्या घरी चूल नाही."

घरात काही अशुभ झाले की काय, म्हणून आम्ही घाबरलो. तसे काही नव्हते. "उपवास हाये," काकू म्हणाल्या. सासूबाईंनी मनातल्या मनात पंचांग चाळले. एकादशी नव्हे, चतुर्थी नव्हे, प्रदोष नव्हे. तरी त्या आत गेल्या आणि अर्ध्या तासात साबुदाण्याची खिचडी करून पुन्हा भिंतीशी आल्या. काकूंना हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. "पान्याबिगर काही नाही, आजी. साहेबराव पाटलाचा दिवस हाये."

मग भिंतीच्या दोन बाजूंस उभे राहून आम्ही ऐकले. याच तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे. गावचे सरपंच राहिलेले, भजन-संगीताची आवड असलेले शेतकरी. १९८६ साली १९ मार्चला वर्ध्याजवळ दत्तपूर येथे त्यांनी पत्नी मालतीबाई आणि चार मुले यांच्यासह जीवनयात्रा संपविली. शेती करणे अशक्य झाल्याचे त्यांनी मागे लिहून ठेवले होते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपैकी जाहीरपणे नोंदली गेलेली ती पहिली, असे म्हणतात. त्यानंतरच्या हजारो नोंदी सर्वांना ठाऊक आहेत, आणि त्यांत यवतमाळ जिल्ह्याचे नाव पुन्हापुन्हा येते. अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलन यांनी २०१७ पासून या दिवशी एक दिवस अन्नत्याग करण्याची रीत घातली. राज्यात ठिकठिकाणी लोक तो पाळतात. काका म्हणाले, "आम्ही काही मोर्चाबिर्चात नसतो जी. घरीच पाळतो. आमच्या तालुक्यातला मानूस."

मामंजी ओट्यावरून उठून केव्हा मागे येऊन उभे राहिले होते, ते मला कळले नाही. १९८६ साली ते शाळेत शिकवीत होते, रोज दोन वर्तमानपत्रे वाचीत होते. ते म्हणाले, "बातमी छापून आली असेल. मी वाचलीही असेन. मला आठवत नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "नाही आठवत."

दुपारी पाने मांडली. मामंजी पाटावर येऊन बसले, चित्राहुती घातल्या, आणि पाणी पिऊन उठले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. एरवी वाढलेले पान टाकून उठणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने अन्नाचा अपमान. त्यांनी ते पान झाकून ठेवले आणि स्वतःचे मांडलेच नाही. इकडून फक्त एवढे विचारण्यात आले की मुलाला तरी जेवू द्यावे ना? मुलगा जेवला. वैऱ्याची भूक लागली असताही मी जेवले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल; तिसऱ्या प्रहरी मी स्वयंपाकघरात उभ्याने एक साटोरी खाल्ली, आणि ती भिंतीपलीकडून कोणाला दिसली तर नाही ना, म्हणून दोनदा वाकून पाहिले.

सायंकाळी पाच वाजता मामंजी काठी घेऊन निघाले. उपाशीपोटी चालू नये, म्हणून मी आडवी गेले. त्यांनी ऐकले नाही. काका ओट्यावर बसले होते, तेही उठून बरोबर आले. आम्ही वस्तीच्या कडेस, जेथे पहिले वावर लागते तेथपर्यंत गेलो. कापूस केव्हाच वेचून झाला होता. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. त्या जळणासाठी घरी न्यावयाच्या. मोकळ्या जमिनीस उन्हाने बोटभर रुंदीच्या भेगा पडल्या होत्या. काकांनी एका भेगेत काठी घालून ती किती खोल जाते ते मुलाला दाखविले. पाऊस आला की ही भेग आपोआप बुजते, नांगराची गरज नाही, काळ्या मातीचा हा गुण, असे ते सांगत होते. शेतीच्या नफ्यातोट्याविषयी त्या वाटेवर कोणी शब्द काढला नाही.

त्या दिवसाची नोंद मामंजींनी स्वतःच्या हाताने केली आहे. अक्षर थोडे कापरे आहे. 'घराच्या पश्चिमेस, भिंतीपलीकडे, शेजारचे घर. दार पूर्वेस. चूल आग्नेयेस. आज बंद.' मुलाला तीत कंस घालावयाचा होता. त्यांनी घालू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून ज्वारीच्या गरम भाकरी आणि वांग्याचे भरीत आले. डबा आमचाच होता, फराळाच्या खिचडीचा. त्या दिवशी तो रिकामा परत न करता काकूंनी ठेवून घेतला होता.

आता पुन्हा ज्येष्ठ आला आहे. पुण्याहून पत्र आहे की इमारत दिवाळीपर्यंत तयार होईल. चौथ्या मजल्यावर, उत्तरेकडची जागा, लिफ्ट आहे. सासूबाईंनी देव कोणत्या कोपऱ्यात बसवावयाचे याचा विचार सुरू केला आहे आणि तोच विचार करीत असता भिंतीवरून काकूंना लोणच्याच्या कैऱ्या किती आणू, म्हणूनही विचारीत आहेत. मामंजींनी पत्र वाचले, घडी करून वहीत ठेवले. वहीची अकरा पाने कोरी आहेत. ओढ्यापलीकडची आळी पावसामुळे गेल्या वर्षी राहून गेली होती. चिखल होण्यापूर्वी ती उरकून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे पडले, म्हणून आज आम्ही पाचाऐवजी साडेचारलाच निघत आहोत.